बसलेल्या जनावराचं चित्र

वाचकहो, हातातला चहाचा कप खाली ठेवा, पोरांना अंगणात पिटाळा आणि रेडिओ लावलेला असेल तर बंद करा. कारण मी आज जे जाहीर करणार आहे ते अतिशय गंभीर असून देवगडपासून आरोंद्यापर्यंतच्या समस्त गुराढोरांच्या, कुत्र्यामांजरांच्या आणि कुर्ल्या-कावळ्यांच्या अब्रूशी त्याचा थेट संबंध आहे. तर जाहीर असं करण्यात येतं, की माझ्या बायकोच्या मामांनी आपल्या उभ्या आयुष्यात एकही बसलेलं जनावर कागदावर काढलं नाही. धावणारं काढलं, उडणारं काढलं, पोहणारं, लोळणारं, लाथ मारणारं, दावं तोडून पळणारं आणि पळून दमल्यावर पुन्हा पळणारं काढलं. पण बसलेलं नाही. तुम्ही आत्ता हे वाचायला सावरून बसला असाल, तर एवढंच सांगतो की मामांनी तुमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

मी मूळचा जामसंड्याचा. पोस्टात चिकटलो, बदलीवर मालवणात आलो, आणि तिथल्याच एका समुद्रालगतच्या वाडीतलं स्थळ सांगून आलं. मुलगी लहानपणापासून मामांकडे वाढलेली, कारण मामा-मामींना मूल नव्हतं आणि तिच्या आईकडे मुलींना तोटा नव्हता. मी, माझे वडील आणि एक लांबचे काका असे तिघे मुलगी बघायला माडांच्या बागेतून चाललो होतो. वाटेत बघतो तो धोतराचा काचा मारलेले, उघड्या अंगाचे एक पन्नाशीचे गृहस्थ हातापायांवर ओणवे होऊन एका बकरीच्या मागून चाललेले. बकरी थबकली की तेही थबकत, बकरीनं मान झटकली की तेही झटकत. गळ्यात दोरीनं फळी अडकवलेली, कमरेला करवंटी बांधलेली. काका माझ्या कानाशी लागून म्हणाले, की वाडी बरी आहे, पण वेड्यांना मोकळं सोडलेलं दिसतं. आम्ही घरी पोचलो, पाय धुतले, ओटीवर बसलो, आणि आतून सदरा घालून, केस ओले करून, तेच गृहस्थ मुलीकडचे वडीलधारे म्हणून समोर येऊन उभे राहिले. काका घाईघाईनं वाडीच्या हवापाण्याचं कौतुक करू लागले.

मामांनी मला पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. विहिरीपर्यंत जाऊन परत यायला सांगितलं. मला वाटलं, पाणी आणायचं असेल. मी गेलो आणि रिकाम्या हातानं परत आलो. मामा एक डोळा मिटून माझ्या पायांकडे बघत होते. मग वडिलांना म्हणाले, "झील बरो आसा. डावो पाय जरा खेचता. पण पळान जावचो नाय." स्वयंपाकघराच्या दारातून मामींचा आवाज आला, "जावय बघतात काय बाजारातलो बैल?" आणि एवढं बोलून त्या परसात गेल्यासुद्धा. माझं लग्न असं चालीवर ठरलं, आणि डावा पाय मी आजही खेचतो असं माझी बायको माहेरचा दाखला देऊन सांगते.

मामांची चित्र काढायची तऱ्हा अशी, की आधी ते जनावर व्हायचं आणि मग काढायचं. शेतातल्या बगळ्याचं चित्र काढायचं म्हणून ते चिखलातून एकेक पाय उचलून, मान आत ओढून, सकाळभर हिंडत. शेजारच्या शेतातले लावणी करणारे कामगार त्यांना 'बगळेबुवा, वाईच सरा' म्हणत आणि कामाला लागत. कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, चाल पायात बसावी म्हणून एकदा ते मासळीबाजारात या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवे चालत गेले. वाटेत दोन टोपल्या कलंडल्या, एक कोळीण किंचाळली, आणि मामा तिला शांतपणे म्हणाले, की घाबरू नकोस, मी आता वळतो. आणि वळून पुन्हा आडवेच गेले. म्हशीमागून पळताना ते गळ्यातल्या फळीवर काढत. पळता पळता बोरू करवंटीत बुडवायचा आणि पळता पळता रेषा ओढायची. रेषा म्हशीच्या नाकापाशी निघे, पाठीवरून डुलत जाई आणि शेपटीच्या टोकाला पोचली की कागद सोडून पळून जाई. निम्म्या चित्रांत शेपूट कागदाबाहेरच असे. ते म्हैस घेऊन गेली असं आपण समजायचं. तिथल्या शाळेचे हेडमास्तर एकदा धावत्या कुत्र्याचं चित्र बराच वेळ न्याहाळून म्हणाले, की कुत्र्याला पाय जरा जास्त झालेत, सात दिसतात. मामांनी त्यांना, त्यांच्याच दारातला कुत्रा पळत असताना पाय मोजून यायला सांगितलं. हेडमास्तर मोजायला गेले, कुत्रा त्यांच्यामागे लागला, आणि परत आल्यावर त्यांनी तक्रार मागे घेतली.

आता शाईची गोष्ट. मामांची शाई म्हणजे माकुलाची शाई. समुद्रातलं हे माकूल, त्याच्या पोटात काळ्या रंगाची एक नाजूक पिशवी असते. ती न फोडता काढायची हे काम मामींचं. मी नवा जावई, कौतुकानं बाजारातून निळ्याकाळ्या शाईची चांगली बाटली विकत घेऊन गेलो. मामांनी ती उजेडात धरली आणि मला परत दिली. म्हणाले, "जावयानूं, ही शाई बाटलीत बसान ऱ्हवलेली. ती काय धावतली? माकूल पळताना शाई सोडता. पळण्याची शाई ती." मी ती बाटली घरी नेली आणि पुढं कित्येक वर्षं बसलेल्या शाईनं बसलेली पत्रं लिहिली.

पण पळण्याच्या शाईचे व्याप फार. सोमवारी घरात मासे नाहीत, म्हणजे सोमवारी शाई नाही. एकादशीला नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, तेव्हा नाही. आणि श्रावणात तर मामी करवंटीतली उरलीसुरली शाईसुद्धा घराच्या उंबऱ्याबाहेर, न्हाणीघराच्या वळचणीला नेऊन ठेवत. मासळी ती मासळी, मग ती ताटात असो की कागदावर. त्यामुळे मामांची कला सोळा आणे मामींच्या पंचांगावर चाले. श्रावणात मामा ओटीवर येरझाऱ्या घालत आणि एखादं जनावर धावत गेलं की तळमळून हवेतच बोट फिरवत. शिवाय या चित्रांना वास येई. पावसाळी हवेत तर असा, की ओटीवर आलेला पाहुणा 'जेवायला काय केलंय' म्हणून विचारी. मांजरांना ही चित्रं विशेष प्रिय. घरच्या मांजरीनं एकदा उडी मारणाऱ्या मांजरीचं चित्र चाटत चाटत तिचं शेपूट पार नाहीसं केलं. कणकवलीच्या एका व्यापाऱ्यानं मामांचा उधळलेला बैल हौसेनं दुकानात टांगला, तर गावातली सगळी मांजरं दुकानात येऊन त्या बैलाकडे बघत हंबरल्यासारखी ओरडत बसली. बैल आठवडाभरात परत आला. मामा म्हणाले, की बैल आपल्या पायांनी परत येणार हे त्यांना ठाऊक होतं.

बसलेल्या जनावराबद्दलचं त्यांचं मत मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. एका दुपारी ओटीवर मांजर झोपली होती, मऊ, गोल, चित्रात काढावी अशी. मी म्हटलं, मामा, हिला काढा की. मामांनी फळीवरचा कोरा कागद काढला आणि तसाच माझ्या हातात दिला. "ह्यां बघा, बसलेला माजार." मी कागद उलटून पाहिला, मागेही काही नव्हतं. ते म्हणाले, की जनावर बसलं की रेषेचं काम संपलं, मग कागदानं गप्प राहावं. हेच त्यांनी हेडमास्तरांच्या बाबतीत केलं. हेडमास्तरांना शाळेत लावायला रवंथ करत बसलेली एक सात्त्विक गाय हवी होती. मामांनी चांगला मोठा कोरा कागद कोपऱ्यात सही करून शिपायाबरोबर पाठवला. पुढे त्या गाईवर शाळेचं वेळापत्रक लिहिण्यात आलं, आणि गणिताचा तास तिच्या पोटावर आला.

पण या सगळ्यापेक्षा मामांचा खरा दबदबा होता तो एका वेगळ्याच कामात. आमच्याकडे एक रीत आहे. घरात माणूस गेलं, की जिथं त्यानं शेवटचा श्वास सोडला तिथं दिवा ठेवतात. मग एका रात्री दिव्याशेजारी तांदळाचं पीठ पसरून वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलायची आणि पिठात कुणाची पावलं उमटली ते बघायचं. म्हणजे गेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं ते कळतं. बहुतेक घरांत पीठ थोडंफार विस्कटलेलं असतं आणि बहुतेक घरांतली शहाणी माणसं 'गाय' म्हणून हात जोडतात. पण एखाद्यानं मामांना बोलावलं, की संपलं. मामा गुडघ्यांवर बसत, गाल जमिनीला लावून पिठाकडे आडवं बघत, आणि जे दिसेल ते सांगत. गावातल्या एका बड्या आसामीच्या घरी सगळे गाईची वाट बघत होते, मामा उठून म्हणाले, "उंदीर. आणि एकलो नाय, सगळो गोतावळो घेवन इललो." त्या घरानं त्यांना पुढची दोन वर्षं सत्यनारायणाला बोलावलं नाही. समुद्राजवळच्या एका घरी अतिशय कडक सासू गेली होती. मामांनी पिठाला बोट न लावता माग काढला आणि सांगितलं, की आडवी चाल आहे, कुर्ली. मुलगे खवळले, पण सून पदराआडून ठामपणे म्हणाली, "सासूच ती." त्यानंतर वाद झाला नाही. लोक त्यांच्यावर चिडत आणि तरी त्यांनाच बोलावत, कारण दुसऱ्या कुणी गाय म्हटलं तर ती गाय खरी वाटत नसे.

आणि आता मामी. मामींचं वर्णन करायचं तर त्यांनी जरा थांबायला हवं होतं, आणि त्या थांबत नसत. मी त्या घरात जावई म्हणून वीस वर्षं गेलो-आलो, पण मामींना बसलेलं बघितल्याचं मला आठवत नाही. विहीर, गोठा, चूल, परसातली अळवं, पुन्हा विहीर. जेवायच्या पानावर त्या अर्ध्या वाकून वाढत आणि स्वतः उभ्या उभ्या चार घास खात. मामा दिवसातून कितीदा तरी म्हणत, "बस गो जरा," आणि मामी पुढच्या कामाला निघालेल्या असत.

या मामींना एकच इच्छा होती, आणि ती त्यांनी लपवली नाही. त्यांची आरोंद्याची बहीण सावंतवाडीला जाऊन नवऱ्याबरोबर फोटो काढून आली. खुर्चीवर बसून, शेजारी कागदी फुलांची कुंडी. फोटो बघून आल्यावर मामी जेवण वाढता वाढता मामांना म्हणाल्या, "गावच्या कुत्र्यामाजरांक तुमच्या कागदार जागा आसा. माका नाय." मामा म्हणाले, की ते फक्त जनावरं काढतात. "मगे ह्या घरात बैलासारखी राबतंय ती मी कोण?" मामांनी हात धुतला आणि दुसऱ्या दिवशी फळी गळ्यात अडकवली.

तिथून जो प्रकार सुरू झाला तो मी मिटक्या मारत पाहिला आहे. मामी विहिरीवरून कळशी घेऊन निघाल्या, मामा मागून. मामींना कळलं की आपल्याला काढताहेत, आणि त्यांनी पदर सारखा केला, मान ताठ केली आणि एकेक पाऊल असं टाकलं की कळशीतलं पाणी हललं नाही. मामा बोरू खाली ठेवून म्हणाले, "ही तू नाय. ही धयकाल्याच्या नाटकातली लक्ष्मी. नेहमी चलतंस तशी चल." मामी थांबल्या. "नेहमी कशी चलतंय?" हे कुणालाच सांगता येईना. मामांनी स्वतः कळशी घेऊन मामींसारखं चालून दाखवलं. मामी इतक्या हसल्या की कळशी दोघांच्याही अंगावर सांडली, आणि हसतानाच्या मामी काढायचं मामांना सुचेपर्यंत त्या गोठ्यात पोचल्या होत्या. मग मामा माडाआडून काढू लागले, गोठ्याच्या फटीतून काढू लागले, एकदा तर गवताच्या भाऱ्यात शिरून बसले. पण मामींना पाठीमागून लागलेली त्यांची नजर बरोबर कळे. कागदावर लुगड्याचा काचा निघे, भेगाळलेली टाच निघे, आणि तिथं बोरू अडे. उंदरापासून रेड्यापर्यंत सगळ्यांच्या मागे पळालेला हा माणूस आपल्या बायकोच्या टाचेपाशी येऊन थांबला. मला वाटतं, ती चाल त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती आता त्यांना दिसतच नव्हती.

असं काही वर्षं चाललं. शेवटी एकदा मामा हरून म्हणाले, की जाऊ दे, एकदा बस, बसलेली काढतो. तुझ्यासाठी नेम मोडतो. मामा नेम मोडायला निघालेत हे ऐकून मी आणि माझी बायको दोघंही ओटीवर धावलो. मामींनी कमरेवर हात ठेवला. "मी बसलंय, तर माका कोरो कागद देतलात. वळाखतंय मी तुमका." आणि गेल्या अळूला पाणी घालायला.

एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावरच्या एका थंडीत मामी तापानं आजारी पडल्या. अंथरुणावरही त्यांचे पाय पांघरुणाखाली हलत असत. फार दिवस गेले नाहीत. एका सकाळी त्या गेल्या. सुतक आलं. घरात मासळी नाही, म्हणून शाई नाही. करवंटीत थोडी उरली होती. ती मामांनी स्वतः उचलून उंबऱ्याबाहेर, वळचणीला नेऊन ठेवली. आता ती तिथं नेऊन ठेवणारं दुसरं कुणी नव्हतं. मग ते ओटीवर येऊन बसले, आणि वाटेवरून गुरं धावत गेली तरी त्यांचं बोट हललं नाही.

पिठाची वेळ आली. आरोंद्याची बहीण आली होती, शेजारपाजार जमला होता, आणि प्रत्येकाच्या मनात एकच, की मामींची गायच व्हायला हवी. पण बघणार मामा, आणि मामांना उंदीर दिसला तर ते उंदीर म्हणणार. आदल्या संध्याकाळी मी त्यांना परसात गाठलं आणि हळूच म्हटलं, मामा, काहीही दिसलं तरी गाय म्हणा, आम्हां सगळ्यांना बरं वाटेल. त्यांनी हातातल्या तांब्यातलं पाणी अळवाला घातलं. मग म्हणाले, "जावयानूं, जल्मभर जां दिसला तांच काढलंय. तिच्यासाठी खोटा काढू?"

सकाळी टोपलीभोवती आम्ही सगळे उभे राहिलो. बहिणीनं टोपली उचलली. मामा नेहमीसारखे गुडघ्यांवर बसले, गाल जमिनीला लावला. दिवा जरा खाली धरा म्हणाले, मी धरला. त्या उजेडात पीठ रात्री पसरलं तसंच होतं, सपाट, पांढरं. मांजरीचं पाऊल नाही, उंदराचं नाही, मुंगीची रेघसुद्धा नाही. आमच्यातलं कुणीतरी पुटपुटलं, की पुन्हा नीट बघायला हवं. बहिणीनं विचारलं, "काय दिसता, भावोजी?" मामांनी दिवा माझ्याकडून घेतला, या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. मग दिवा ठेवला, आणि इतकी वर्षं कोऱ्या कागदाकडे बघताना ज्यांच्या चेहऱ्यावर मी थट्टेखेरीज काही पाहिलं नव्हतं ते मामा त्या कोऱ्या पिठाकडे बघत राहिले. त्यांचा हात पुढे झाला, पिठाच्या कडेपर्यंत गेला, आणि न लावताच मागे आला. आम्हांला सांगायचं आहे हे ते बहुधा विसरलेच होते. कारण ते बोलले ते आमच्याकडे न बघता, मोठ्यांदा, एखादं जनावर तिन्हीसांजेला घरी पोचल्यावर गुराखी म्हणतो तसे:

"बसली गो. एकदाची बसली."